रविवारचा कोडिंग क्लब: खिळे, काळी माती आणि मायक्रोबिट

दिवाळीची सुट्टी संपली आणि क्लब पुन्हा मार्गी लागला. पावसाळाभर स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांसाठीची भाषा) झालं: चक्रव्यूह, फुगे फोडायचा गेम, प्रश्नमंजूषा. आता मायक्रोबिटवर आलोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: निफाड तालुक्यातलं गाव, वाचनालयाची वरची खोली, लोकांनी दिलेले जुने लॅपटॉप आणि सहावी ते नववीची पोरं.

मायक्रोबिट म्हणजे २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीने अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फुकट वाटलेला तो छोटा बोर्ड. ५ बाय ५ चे लाल दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि रेडिओ. मेककोडचं (बोर्डासाठी प्रोग्राम लिहायच्या वेबसाइटचं) पान ब्राउझरमध्ये एकदा उघडून ठेवलं की नेट गेलं तरी काम चालू राहतं, आमच्याकडे हे फार मोलाचं. पहिला अडथळा आला केबलींचा. घरोघरच्या ज्या केबली आल्या त्यातल्या बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या, आत डेटाच्या तारा नाहीत. बोर्ड पेटतो, पण लॅपटॉपवर ड्राइव्ह दिसत नाही. आता चालणाऱ्या केबलींना लाल दोरा बांधलाय. क्लब सुरू करणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवा.

प्रकल्प पोरांनीच निवडला: मातीतली ओल मोजायची. सगळ्यांच्या घरी द्राक्षं, छाटणी नुकतीच झालेली, घरात दिवसभर पाण्याचाच विषय. साहित्य साधं: दोन जस्ताचे खिळे, क्लिपा, १० किलो-ओहमचा एक रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग). पिन १ (पिन म्हणजे बोर्डाच्या कडेची जोडणीची जागा) वरून एका खिळ्याला वीज द्यायची, दुसरा खिळा पिन ० ला, आणि पिन ० व ग्राउंड (वीज परत जाते ते टोक) यांच्यामध्ये रेझिस्टर. माती ओली असली की वीज सहज जाते, आकडा चढतो. ० ते १०२३ मध्ये वाचन मिळतं. वीज सतत चालू ठेवली तर विद्युत-अपघटनाने खिळा झिजतो, म्हणून वाचण्यापुरती पिन १ चालू, लगेच बंद. हा बदल सातवीतल्या एकाने सुचवला. शेजारच्या गटाचा खिळा काळा पडलेला त्याने पाहिला होता.

मग खरी मजा सुरू झाली. प्रत्येकाने घरून माती आणली. हाताला दोन डबे सारखेच ओले लागत होते, पण एकाचा आकडा चारशेच्या आसपास आणि दुसऱ्याचा सातशेच्या वर. पोरांनी आधी कोड तपासला, मग क्लिपा, मग बोर्डांची अदलाबदल केली. आकडा मातीबरोबरच फिरत होता. आमच्याकडे कोडर-डोजो या मुलांच्या मोफत कोडिंग क्लबवाल्यांचा नियम आहे, ‘आधी तिघांना विचार, मग मला’, त्यामुळे मी गप्प बसलो. शेवटी आठवीतल्या मुलीने घरी फोन लावला. आजोबा म्हणाले, ‘‘अगं, त्या ओळीला कालच ड्रीपमधून खत सोडलंय!’’ खताचे क्षार पाण्यात विरघळले की माती वीज जास्त वाहून नेते, म्हणजे आपला सेन्सर पाण्याबरोबर क्षारही मोजतो. हे मी फळ्यावर सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का, शंकाच आहे.

काळ्या मातीने दुसरा दणका दिला. ती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि खिळ्याभोवती पोकळी होते. मग आकडा एकदम शून्याकडे घसरतो, खाली ओल असली तरी. त्यामुळे ‘कोरडं’ची मर्यादा आता कोणी मनाने लिहीत नाही. माती हातात दाबून बघायची, घरचं मोठं माणूस ‘वाफसा आला’ (माती ना चिखल ना कोरडी) म्हणेल तेव्हाचा आकडा वहीत टिपायचा, आणि तोच ‘वाफसा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राममधल्या आकडा साठवायच्या जागेत) टाकायचा. प्रत्येक शेताचा वेगळा. व्हेरिएबल कशासाठी असतं हे स्क्रॅचमध्ये स्कोअर मोजून जेवढं कळलं नव्हतं तेवढं इथे कळलं.

रेडिओचा गोंधळही झाला. एकच गट क्रमांक असलेल्या बोर्डांना एकमेकांचे निरोप ऐकू येतात; दोन गटांनी क्रमांक १ च ठेवला, आणि एकाची कोरडी कुंडी दुसऱ्याच्या बोर्डावर बोंबलू लागली. आता क्रमांक हजेरीपटावरून.

अजून एक, मला स्वतःला फार आवडलेलं. अक्षरं दाखवायचा तयार ब्लॉक फक्त इंग्रजी दाखवतो. सहावीतल्या एकीला ‘प’ हवा होता, पाण्याचा. तिने दिव्यांची चौकट उघडून वरची अख्खी ओळ शिरोरेषा केली, खाली डावीकडे वाटी, चौथ्या स्तंभात दांडा. बसला बरोबर पाचात पाच! ‘पा’ला मात्र जागा नाही, कानाच मावत नाही. सध्या ती दोन चित्रं आळीपाळीने दाखवून काम भागवतेय.

पुढचं: कपॅसिटिव्ह (मातीतून थेट वीज न सोडता ओल ओळखणारे) सेन्सर मागवलेत. त्यात उघडा धातू मातीत जात नाही, म्हणजे झिजण्याची कटकट नाही. क्षारांचा फरक कितपत कमी होतो ते त्याच दोन डब्यांवर बघणार. कुणी हे सेन्सर मायक्रोबिटच्या ३ व्होल्टवर, काळ्या मातीत वापरले असतील तर आकडे कळवा. बॅटरी शेतात किती टिकते तेही लिहा, पोरं रोज विचारतायत.