हुसैनीवाला : गावं देऊन मिळवलेली समाधी

अमृतसरला गेलेले बहुतेक जण अटारी-वाघ्याची परेड बघून परततात. मी फिरोजपूर गाठलं. खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा पाहिल्यापासून त्यांची समाधी बघायची ओढ होती. ती फिरोजपूरहून जवळच, सतलजच्या काठी, अगदी सीमेला लागून आहे.

२३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी दिल्यावर इंग्रजांनी रातोरात, लपूनछपून त्यांचे देह इथे आणून जाळले. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. मग १९६० च्या जानेवारीत भारताचे मंत्री सरदार स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे जनरल शेख वाटाघाटींना बसले, पंजाबच्या सीमेचे रेंगाळलेले वाद मिटवले आणि १७ जानेवारी १९६१ ला सुलेमानकी हेडवर्क्स म्हणजे सतलजवरच्या बंधाऱ्याजवळची १२ गावं देऊन भारतानं हुसैनीवाला घेतलं. सिंधू पाणीवाटप करारावर नेहरू आणि अयुब खान यांनी कराचीत सह्या केल्या, तेही १९६० मध्येच. भारत-पाक संबंध म्हटलं की आपण युद्धं मोजतो. ते वर्ष मात्र कुणाच्या तोंडी नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९६८ मध्ये स्मारक उभं राहिलं. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्यानं हुसैनीवाला घेतलं, पुतळेही नेले. सिमला करारानंतर सैन्यं मागे हटली आणि १९७३ मध्ये स्मारक पुन्हा सजलं. जवळच्या जुन्या इमारतीच्या भिंतींवर त्या लढाईच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. प्लास्टर उडालेल्या खळग्यांत बोट सहज जातं. शेजारी भगतसिंगांसोबत असेंब्लीत बॉम्ब टाकणाऱ्या बटुकेश्वर दत्तांची समाधी आहे. अखेरचे संस्कार आपल्या साथीदारांजवळच व्हावेत, ही त्यांची इच्छा होती. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो.

संध्याकाळी बीएसएफचा झेंडा उतरवण्याचा सोहळा झाला. वाघ्यापेक्षा गर्दी कमी, त्यामुळे पलीकडच्या गंडासिंगवाल्याच्या बाजूचे प्रेक्षकही नीट दिसतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर फाटक बंदच ठेवतात, जवानांचं हस्तांदोलनही थांबलंय. हल्ल्याचा संताप माझ्याही मनात आहे. तरीही वाटाघाटींनी मिळालेल्या या जमिनीवर उभं असताना ते बंद फाटक मला फार खुपलं.

जमलं तर २३ मार्चला जा. एरवी ओस असलेल्या रुळांवरून त्या दिवशी फिरोजपूरहून खास गाडी सुटते आणि मोठा मेळा भरतो.