इंदूरहून अकोल्याला डायरेक्ट गाडी होती

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "इंदूर एवढं जवळ आणि गाडीला इतका वेळ का लागतो हो?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रस्त्याने पुणे सहाशे किलोमीटरच्या आत, मुंबई पण तेवढीच, आणि इंदूर-मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस मात्र आठशेच्या वर किलोमीटर कापते, पुण्याची गाडी तर त्याच्याही पुढे जाते. मुंबई आमच्या नैर्ऋत्येला आणि अवंतिका इंदूरहून सुटली की आधी जाते ईशान्येला देवासकडे, मग उज्जैन, मग नागदा, मग रतलाम, आणि तिथून कुठे तिला आठवतं की अरे आपल्याला समुद्राकडे जायचं होतं, मग वडोदरा, सुरत करत मुंबई. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. पुण्याची गाडी पण रतलाम-वडोदरा-वसई-कल्याण अशीच फिरून येते.

आता गंमत अशी की इंदूरला रेल्वे आली तीच मुळात दक्षिणेकडून, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूने. स्टेशनचं तोंडच तिकडे होतं. नंतर ते फिरलं, आणि कसं फिरलं ते आमच्या पुढच्या पिढीला माहीतच नाही म्हणून हे लिहायला घेतलंय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

१८७० साल धरा. तेव्हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-जबलपूर लाइन भुसावळ, खंडवा करत तयार झाली होती. इंदूरहून मुंबईला जायचं तर आग्रा रोडने बैलगाड्या, आणि माल काय जायचा तर माळव्याची अफू आणि कापूस. अफूचा व्यापार तर एवढा की इंदूरला ती तोलायची नि तिच्यावर महसूल घ्यायची इंग्रजांची स्वतंत्र व्यवस्था होती. तर अशा वेळी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला चक्क एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. नीट वाचा, संस्थानिकाने सरकारला कर्ज दिलं, की घ्या हे पैसे आणि माझ्या राजधानीपर्यंत रेल्वे आणा. साडेचार टक्के व्याज आणि मुदत १०१ वर्षं. शिवाय जमीन फुकट. आमच्या घरी या १०१ वर्षांवर फार हसतात, कारण मुदत संपायच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, होळकरांचं राज्यच मध्य भारतात विलीन झालं. पण हिशेब म्हणून पाहिलं तर तुकोजीराव पक्का व्यवहारी माणूस वाटतो. रेल्वे पण आली, व्याज पण आलं आणि लाइनचं नाव पण "होळकर स्टेट रेल्वे" पडलं.

जंक्शनसाठी खंडवा निवडलं गेलं. खंडवा ते इंदूर साधारण १४० किलोमीटर. पण इथेच एक गोष्ट घडली जिचे परिणाम आम्ही अजून भोगतोय. जीआयपीची लाइन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, आणि होळकरांची ठरली मीटरगेज, म्हणजे अरुंद, कारण त्याच काळात व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचवायला नव्या लाइनींसाठी मीटरगेज धरलं होतं, आणि विंध्याचा घाट चढायला अरुंद लाइन सोपी पण पडत होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून इंदूरच्या माणसाला खंडव्याला उतरून गाडी बदलणं आलंच. पोटल्या, ट्रंका, पोरं, पाण्याची सुरई, सगळं उचलून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर. खंडवा हे नाव आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी नुसतं गाव म्हणून येत नाही, ते "खंडव्याला बदलून" असंच येतं.

खंडवा-सनावद तुकडा डिसेंबर १८७४ मध्ये मालासाठी सुरू झाला. मग नर्मदेवरचा पूल, मोरटक्क्याचा, तो ऑक्टोबर १८७६ मध्ये खुद्द महाराजांच्या हातून खुला झाला. आणि मग घाट. पाताळपाणी ते काळाकुंड हा जेमतेम दहा किलोमीटरचा तुकडा आहे पण चढ ४० ला १, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेसाठी हे फार होतं हो. वर चढणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लावायचे ढकलायला. इंदूरला पहिलं इंजिन हत्तींनी ओढत आणलं अशी एक गोष्ट इंदूरात घरोघरी सांगतात, त्याचा एक फोटो पण सारखा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. गोष्ट म्हणून मला ती आवडते, पण खरं कौतुक करायचं तर त्या घाटाचं करावं, डोंगराच्या कडेकडेने बोगदे नि पूल बांधत नेलेली ती लाइन सुमारे दीडशे वर्षं चालली.

पलीकडच्या बाजूने मग शिंदे सरकारांनी पैसे घातले, ग्वाल्हेरच्या पंचाहत्तर लाखांतून इंदूरच्या पुढची लाइन नीमचपर्यंत गेली, फतेहाबाद, रतलाम वगैरे. होळकर आणि शिंदे यांचं एरवी किती पटलं ते इतिहासात वाचाच, पण रुळांवर दोघं जोडले गेले खरे. पुढे १८८०च्या दशकात हे सगळं मिळून राजपुताना-माळवा रेल्वे झाली आणि बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीकडे चालवायला गेली, आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे. म्हणजे इंदूर स्टेशन एकाच वेळी खंडव्याकडे दक्षिणेला आणि अजमेरकडे उत्तरेला जोडलेलं, मधोमध. स्वातंत्र्यानंतर १९६०च्या आसपास खंडवा-अकोला-हिंगोली जोडलाइन पूर्ण झाली आणि राजस्थानपासून पार निजामाच्या मुलखापर्यंत मीटरगेजची सलग माळ तयार झाली. इंदूर तिच्यावरचं मोठं स्टेशन.

आणि हाच माझ्या लहानपणचा काळ, म्हणजे त्याच्या शेवटचा भाग. माझं आजोळ अकोल्याचं. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहायचो, आणि मे महिन्यात आई आम्हाला घेऊन छोट्या लाइनच्या गाडीत बसायची ती थेट अकोल्यालाच उतरायची. डायरेक्ट. इंदूरकडे मीटरगेजला कोणी मीटरगेज म्हणत नाही, छोटी लाइन आणि बडी लाइन असंच. जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस होती, ती रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा, नांदेड करत हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत जायची. तिच्यात राजस्थानी पगड्या, माळवी शेतकरी, विदर्भातल्या मावश्या, मराठवाड्यातले वारकरी सगळे एका डब्यात. आईची बडबड अशी की महूपर्यंत हिंदीत, खंडव्याच्या पुढे मराठीत, आणि अकोला जवळ आलं की वऱ्हाडीत.

पाताळपाणीला गाडी थांबायचीच. रेल्वेच्या मते घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासायला, आणि डब्यातल्या लोकांच्या मते टंट्या मामाला सलाम करायला. टंट्या भिल्ल, इंग्रजांशी लढलेला, ज्याला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली, त्याचं देऊळ तिथे लाइनीच्या बाजूला आहे, आणि थांबल्याशिवाय गाडी पुढे गेली तर काहीतरी होतं अशी श्रद्धा. आई दोन्ही कारणं मानायची, हात पण जोडायची आणि "ब्रेक बघतायत बरं का" असं पण सांगायची. मग काळाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद. डब्यात पुऱ्या-बटाट्याची भाजी असली तरी कलाकंद घ्यायचाच, आणि रतलामकडे जायचं असेल तर फतेहाबादचे गुलाबजाम. रेल्वे खात्याने काही केलं नसतं आणि नुसती ही दोन स्टेशनं बांधली असती तरी मी त्यांना माफ केलं असतं.

खंडव्याच्या पुढे रात्री मेळघाटाचं जंगल यायचं. धुळघाटला तर लाइन स्वतःच्याच खालून वळून जायची, डोंगर उतरायला असा वेढा घातलेला होता, आणि मामा आम्हाला झोपेतून उठवून दाखवायचे. काळोखात दिसायचं काही नाही.

आता स्टेशनचं तोंड फिरलं ते कसं. १९६०च्या दशकात उज्जैनहून देवासमार्गे इंदूरला बडी लाइन आली. फार मोठी गोष्ट होती ती, इंदूर पहिल्यांदा ब्रॉडगेजवर आलं, दिल्ली-मुंबईच्या मोठ्या लाइनीला गाडी न बदलता जोडलं गेलं. पण ती आली उत्तरेच्या बाजूने. त्यामुळे पुढे जेवढ्या म्हणून चांगल्या गाड्या मिळाल्या त्या सगळ्या त्याच दाराने बाहेर पडायला लागल्या, मालवा, शिप्रा, नर्मदा, अवंतिका. दक्षिणेकडचं दार छोट्या लाइनीचंच राहिलं. कित्येक दशकं आमच्या स्टेशनात एका अंगाला छोटी, दुसऱ्या अंगाला बडी, मध्ये पूल, आणि त्या पुलावरून पळणारी माणसं. शास्त्री पुलावरून स्कूटरने जाताना खाली दोन्ही गाड्या शेजारी उभ्या दिसायच्या, छोटी खरंच छोटी दिसायची.

राजकारणात इंदूरचं वजन कमी होतं असं नाही. प्रकाशचंद्र सेठी १९८२ मध्ये काही महिने रेल्वेमंत्री होते, सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. गाड्या मिळाल्या, थांबे मिळाले. पण घाटाची लाइन बदलणं हे कोणा एका खासदाराच्या हातातलं काम नव्हतंच, ४० ला १ चा चढ नव्या ब्रॉडगेजला ठेवत नाहीत, म्हणजे पूर्ण नवा मार्ग, लांब वळसा आणि मोठमोठे बोगदे.

मग देशभर छोट्या लाइनी मोठ्या करायचं ठरलं आणि आमची माळ तुकड्या-तुकड्याने तुटत गेली. रतलाम-फतेहाबाद-इंदूर झालं, महूपर्यंत झालं, ते उत्तमच झालं. अकोला-खंडवा २०१६-१७ च्या सुमारास बंद पडली, तिचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता म्हणून नवी लाइन जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं, आणि हे मला पटतं, वाघ राहू देत. पण महू ते ओंकारेश्वर रोड पण २०२३ मध्ये थांबली, आणि आता तुकोजीरावांच्या लाइनवरून इंदूरहून खंडव्याला जाणारी गाडीच नाही. १८७० साली कर्ज काढून, म्हणजे देऊन, जे दार उघडलं होतं ते सध्या बंद. पाताळपाणी-काळाकुंड तेवढं २०१८ पासून हेरिटेज ट्रेन म्हणून चालतं, पावसाळ्यात सेल्फीवाल्यांची झुंबड असते, कलाकंद अजून मिळतो.

याचा फटका सगळ्यात जास्त कोणाला बसतो ते १४ एप्रिलला महूला जाऊन बघा. बाबासाहेबांचं जन्मगाव, स्टेशनचं नाव पण आता डॉ. आंबेडकर नगर. विदर्भ-मराठवाड्यातून हजारो माणसं येतात, म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं. पूर्वी अकोल्याला नाहीतर खंडव्याला छोट्या लाइनीत बसलं की गाडी महूलाच आणून सोडायची. आता खंडव्यापर्यंत रेल्वे आणि पुढे एप्रिलच्या उन्हात बसने घाट. नव्या स्टेशनच्या काचेच्या इमारतीची चित्रं पेपरात येतात तेव्हा मला हेच वाटतं, इमारत करा, छानच करा, लिफ्ट-एस्कलेटर सगळं करा, पण आधी त्या बाजूची लाइन द्या.

एक सांगायचं राहिलं. इंदूर आणि महूच्या मध्ये लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर अशी दोन छोटी स्टेशनं आहेत, दोन्ही वस्त्या मराठी माणसांच्या ओळखीच्या, गणपतीत तिथे गेलात तर पुण्यात आल्यासारखं वाटेल. मोठ्या स्टेशनच्या शेजारी सरवटे बस स्टँड, तो पण संविधान सभेत असलेल्या तात्या सरवट्यांच्या नावाचा. इतक्या मराठी नावांच्या मधून जाणारी गाडी शेवटी पुण्याला पोचते ती गुजरात फिरून, याला काय म्हणायचं.

आता मनमाडचं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड नवी लाइन मंजूर केली, ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी, ३० नवी स्टेशनं, नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार असे जिल्हे, आणि पूर्ण व्हायचं साल सांगितलंय २०२८-२९. आमच्या कॉलनीत त्या दिवशी पेढे वाटले लोकांनी. माझा नवरा म्हणाला इंदूर-दाहोद लाइनचं भूमिपूजन २००८ ला झालं होतं, तिचे पेढे पण मी खाल्ले होते. तो तसाच बोलतो. पण मनमाड झाली ना, तर मुंबई-पुणे-नाशिक सगळं सरळ खाली, रतलामला न जाता, आणि धुळे-मालेगाववाल्यांना सुद्धा माळवा जवळ येईल.

तोवर अकोल्याला जायचं असेल तर सकाळची खंडव्याची बस धरा, शनिवार-रविवार सोडून, कारण ओंकारेश्वरच्या गर्दीने घाटात आणि मोरटक्क्याच्या पुलावर ट्रॅफिक अडकतो, आणि खंडव्याहून भुसावळमार्गे अकोल्याची गाडी बघा, रिझर्वेशन आधी करून ठेवा. मामांना मी हाच रस्ता सांगितला तर ते म्हणाले, म्हणजे परत खंडव्याला बदलून!