नायलॉनच्या तारा आणि ‘ग्राहक घरी नव्हते’

क्लासिकल गिटारच्या तारा बदलणं हे तास-दीड तासाचं काम. मला त्यासाठी अख्खा पावसाळा लागला, आणि तो सगळा वेळ तारा घरी पोचण्यात गेला. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्यापासून आत, आमच्यासारख्या गावात राहून कुणी ही गिटार वाजवत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितेय.

गिटार दादाची. नोकरीला पुण्याला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. तारांचं आयुष्य संपलेलं दिसत होतं. तीन जाड तारांवर तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यावर चांदीचा मुलामा. ते फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून काळं पडलेलं, आणि चौथ्या तारेचं तर दुसऱ्या फ्रेटपाशी सुटून आतले नायलॉनचे पांढरे धागे बाहेर आलेले. पातळ तारांच्या पोटावरून नख फिरवलं की खाचा लागत. बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला सूर जुळेना. तारा अशा झाल्या की ट्यूनर घेऊन कितीही बसा, गिटार सुरात राहत नाही.

तालुक्याच्या दुकानात हार्मोनियम, ढोलकी, टाळ, भजनी मंडळाला लागणारं सगळं मिळतं. गिटारच्या तारा मागितल्या की पाकीट निघतं ते स्टीलचं. नायलॉनच पाहिजे म्हटलं तर दुकानदार म्हणाले, “तार म्हणजे तार असते मॅडम. लावून तर पाहा, आवाज डबल येते.”

हे कुणाचंही ऐकू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण 40 किलोच्या आसपास असतो, स्टीलचा 70 च्या पुढे जातो. क्लासिकल गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी, वरच्या पातळ फळीला फक्त चिकटवलेला असतो. मानेत बहुतेक वेळा लोखंडी सळईही नसते. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या गिटारला कुणीतरी स्टील चढवून दिलं होतं. मी पाहिली तेव्हा ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकत होता आणि फळी फुगली होती. त्याच्या तारा मी तिथेच ढिल्या केल्या. पूर्वी या गिटारला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात तसला दोरा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागला आणि तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कचे गिटार बनवणारे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासोबत नायलॉनच्या तारा आणल्या. हे वाद्य स्टीलच्या ताणासाठी बनलेलंच नाही.

मग मी ऑनलाइन मागवल्या. साइटवर पिनकोड टाकला, ‘डिलिव्हरी उपलब्ध’ असं आलं, पैसे भरले. काही दिवसांनी मेसेज: ‘ग्राहक घरी नव्हते.’ बाबा त्या दिवशी सकाळपासून छपरीत बसून होते. रस्ता छपरीसमोरूनच जातो. कोणी आलं नाही, फोनही वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज, नंतर ‘पत्ता अपूर्ण’. पत्त्यावर गावाचं नाव, शाळेजवळ ही खूण आणि माझा मोबाईल नंबर, सगळं होतं.

कस्टमर केअरला फोन लावला की ‘तक्रार नोंदवली आहे, 48 तास थांबा’ एवढंच. ते संपायच्या आत पार्सल परत निघालं. पैसे मिळाले, पण मला पैसे नको होते, तारा पाहिजे होत्या. पुन्हा मागवल्या, तर कुरिअर तेच निघालं. मेसेज यायला लागले तशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून एसटीने तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलाने मोबाईलवर पाहून सांगितलं, “तुमचं गाव आमच्या रूटमध्ये येत नाही मॅडम.”

“मग मी घरी नव्हते असं काऊन लिहिलं भाऊ?”

“काहीतरी टाकाच लागते, नाहीतर आमचं दिवसाचं काम बंदच होत नाही.”

तो मुलगा उद्धटपणे बोलला नाही, आणि त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या लिहिण्यावर. गाव रूटवर नाही तर तसं लिहा, मी दुसरी सोय करते. खोटी नोंद माझ्या नावावर कशाला? पार्सल आदल्या दिवशीच परतीच्या पोत्यात गेलं होतं. मी हात हलवत परत आले. एसटीत बसून सगळा हिशोब लागला: आमचा पिनकोड तालुक्याच्या डाकघराचा, त्याखाली पुष्कळ खेडी. साइटला पिनकोड दिसतो, गाव दिसत नाही. तालुक्याच्या चौकापर्यंत गाडी जाते म्हणून सगळ्या खेड्यांना ‘उपलब्ध’.

तेव्हा तुम्ही पैसे भरण्याआधी एक करा. फोन उचलणारा विक्रेता शोधा आणि त्याला ‘स्पीड पोस्टनेच पाठवा’ असं आधी कबूल करून घ्या. मी तसं केलं. तारा आमच्या शाखा डाकघरात आल्या आणि डाकसेवक काकांनी सायकलवरून आणून हातात दिल्या. त्या दिवशी पऱ्हाटीच्या वावरातून चिखल तुडवत आले होते. काका, तुमचे उपकार आहेत.

मागवताना ‘नॉर्मल टेन्शन’, म्हणजे मध्यम ताणाच्या घ्या, आणि सुटं टोक असलेल्या की टोकाला मणी असलेल्या ते विचारा. मी सुट्या टोकाच्या घेतल्या.

तारा चढवण्यात अडण्यासारखं ठिकाण एकच, ब्रिजवरची गाठ. तार भोकातून मागे काढायची, टोक ब्रिजवरून पुढे आणून तारेखालून घ्यायचं, आणि परत स्वतःच्याच फासात गुंफायचं. जाड तारांना एक वेढा पुरतो, पातळ तीन तारांना दोन-तीन. शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबला गेला पाहिजे, वरच्या सपाट भागावर नाही. पहिली तार जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीची आणि गुळगुळीत असते. ती निसटली तर टोक फळीवर चाबकासारखं बसतं आणि लाकडात खळगा पाडतं. म्हणून आधी ब्रिजच्या मागे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवा. पहिल्या तारेचं टोक गिटारपासून दूर नेऊन काडीने तापवलं की गोळी तयार होते, ती फासात अडकून राहते.

एकेक तार काढून एकेक लावा. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिजवरची हाडाची पट्टी सुटून पडते, मग ती उलटी बसायची भीती.

नवीन तारा लगेच सुरात राहत नाहीत, नायलॉन ताणत जातो. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ ट्यून करा. जाड तारा लवकर थांबतात, पातळ वेळ घेतात. बाराव्या फ्रेटपाशी तार हलकेच वर उचलून सोडली की ताण लवकर बसतो. एक आधी सांगायला हवं होतं: आपल्याकडच्या उन्हाळ्यात गिटार टिनाच्या खोलीत ठेवू नका, ब्रिजचा सरस ढिला होतो. कूलरसमोरही नको.

ब्रिजवरची शेपटं तारा थांबल्यावरच कापा. फळीला टेकणारं टोक राहिलं तर वाजवताना झणझण होते.