चौकटीतला पेपर

दार तपासायला गेलो की मी आधी चौकट वाजवतो. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं आणि खालून वर टकटक करत जायचं. लोखंडी चौकटीच्या पोटात सिमेंट-वाळूचा माल भरलेला असला की आवाज दबका येतो, भिंतीवर ठोकल्यासारखा. नसला की बिस्किटाचा रिकामा डबा वाजतो. अहवालात याला रकाना नाही, पण बाविसाव्या वर्षी मिस्त्रींनी शिकवलेली ही खूण मला अजून कधी चुकलेली नाही.

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका चार मजली रुग्णालयाचं काम होतं. 22 फायर डोअर, म्हणजे आग-धूर अडवणारी दारं. सकाळी चहा पिताना मेंटेनन्सच्या अण्णांपुढं मी फुशारकीही मारली, ‘यातली निम्मी दारं आम्हीच बसवल्यात की ओ, मी तेव्हा हेल्पर होतो.’ अण्णांनी कौतुकानं आणखी अर्धा कप मागवला.

लोकांना वाटतं, जाड लोखंडी दार म्हणजे फायर डोअर. खरं तर फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, दार आपोआप लावणारा क्लोजर, कडेची पट्टी असा सगळा संसार एकत्र भट्टीला लावून त्याची परीक्षा होते. भट्टी अर्ध्या तासात 840 अंशांच्या पुढं जाते, तासाला 945, दोन तासांना साधारण 1050. जिन्याच्या दारानं हे 120 मिनिटं सोसायचं असतं. आयएस 3614 हे फायर डोअरचं भारतीय मानक 2021 मध्ये नव्यानं आलं, त्यातही दार आणि चौकट मिळून एकच वस्तू धरलेली आहे. आमच्याकडं मात्र दार एकाकडून घेतात, बिजागऱ्या खडेबाजारातून, आणि क्लोजर स्वस्त मिळेल तो.

माझा जीव आहे तो फटीवर. फळी आणि चौकट यांच्यामध्ये तीन मिलिमीटर. कडेच्या खाचेत एक काळी पट्टी असते. साधारण दोनशे अंशांना ती फुगते, भाकरीसारखी, आणि फट बुजवते. फट आठ मिलिमीटरची असेल तर पट्टी फुगून फुगून पलीकडं पोचतच नाही. म्हणून मी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन प्रत्येक दाराची तिन्ही बाजूंची फट नऊ ठिकाणी मोजतो. बरोबरची पोरं हसतात. हसू देत. रुग्णालयात माणसं जाळानं कमी आणि धुरानं जास्त जातात. 2011 च्या डिसेंबरात कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली होती. वरच्या मजल्यांवर पडून असलेले नव्वदच्या आसपास लोक गेले, बहुतेक गुदमरून.

तळमजल्याच्या पहिल्याच दाराला फडक्यात गुंडाळलेली वीट लावलेली. वर तीन भाषांत पाटी, कन्नडमध्ये ‘तुर्तु निर्गमन’, आणि खाली वीट. मी सिस्टरकडं बघितलं. ती म्हणाली, ‘स्ट्रेचर नेताना दार अंगावर येतंय की ओ सर, पेशंटच्या पायाला लागतंय.’ तिचं बरोबर होतं. अशा जागी दार धरून ठेवायला विजेचं चुंबक बसवतात. अलार्म वाजला की चुंबक सोडतं आणि दार आपोआप लागतं. तेवढ्या पैशात ऑफिसनं रिसेप्शनला मत्स्यालय केलं होतं. दुसऱ्या मजल्यावर रंगाऱ्यानं दाराची लेबलं पांढऱ्या रंगाखाली घातलेली. आता ते दार किती मिनिटांचं, कुणी बनवलं, काही वाचता येत नाही. आधीच्या वर्षीच्या एजन्सीचा अहवाल बघितला, सगळ्या दारांपुढं ‘ठीक’. फोटोंवरच्या वेळा बघितल्या तर 22 दारं चाळीस मिनिटांत झालेली. मला एका दाराला वीस लागतात.

तिसऱ्या मजल्यावर आलो. ही आमची दारं. क्लोजर छान, दार पूर्ण उघडं, अर्धं उघडं, वीतभर उघडं, कसंही सोडलं तरी जाऊन कुलपात बसतंय. फट तीन, तीन, तीन. मी खुशीत चौकट वाजवली.

डबा.

दुसऱ्या बाजूनं वाजवली. डबा. शेजारच्या वॉर्डचं दार, तेच. शिडी मागवली, फॉल्स सिलिंगची एक टाईल सरकवली आणि चौकटीच्या डोक्यावर बॅटरी मारली. कडेनं बोटभर सिमेंट, गुळगुळीत, आणि एका कोपऱ्यात त्याचा टवका उडालेला. आत काहीतरी करडं दिसलं. लांब नाकाच्या पक्कडीनं ओढलं तर ते येतच राहिलं, बोळा, मग आणखी एक बोळा. खाली उतरून उलगडलं. आमच्याच गावच्या मराठी दैनिकाचं पान, जुलै 2016 चं. राकसकोपच्या पाणीपातळीची बातमी अजून वाचता येत होती.

चौकट कशी भरायची हे मला माहीत आहे. ती आडवी टाकायची, पोटात सिमेंट-वाळूचा माल दाबून भरायचा, एक दिवस ठेवायची आणि मग चार माणसांनी उभी करायची. नाहीतर उभी करून मागनं थोडा थोडा माल ठासत वर यायचं. पावसाळ्यात माल लवकर घट्ट होत नाही आणि ठेकेदार रोज येऊन ‘आज किती झाली?’ विचारतो. कागदाचे बोळे कोंबून वरनं सिमेंटचा हात फिरवला की एका दिवसात चार चौकटी होतात. बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. अग्निशमनच्या एनओसीला, म्हणजे ना-हरकत दाखल्याला, येणारा माणूस पंप बघतो, टाकी बघतो, होजरील ओढून बघतो. चौकटीच्या पोटात बघायला त्याच्याकडं ना वेळ ना शिडी. पण आगीत ती पोकळ चौकट तापून पिळवटते, आणि धूर माझ्या तीन मिलिमीटरच्या फटीकडं ढुंकूनही न बघता चौकटीच्या मागनं पलीकडं जातो.

संध्याकाळपर्यंत 11 निघाली. आम्ही बसवलेली अकराच्या अकरा.

अण्णांनी एवढंच विचारलं, ‘तुम्हीच बसवलेली न्हवं?’ मी हो म्हटलं. त्या दिवशी दुसरा चहा आला नाही.

अहवालात ‘बसवणाऱ्याचं नाव’ असा रकाना असतो. त्यात ठेकेदाराचं नाव लिहिलं. तो धंदा बंद करून कधीच गेलाय. आमची नावं कुठल्याच कागदावर नव्हती, तेव्हाही आणि आताही. व्यवस्थापनाचा माणूस म्हणाला, ‘इतकी वर्षं काय झालं नाही की.’ मी वाद घातला नाही, चौकटींना भोकं पाडून पंपानं ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा माल, भरायचा अंदाजखर्च पुढं ठेवला. भरण्याआधी आतला कागद काढावा लागणार, ते काम किचकट आहे आणि त्याचे पैसे मी लावले नाहीत. का लावले नाहीत, ते मालकाला सांगितलं नाही. आमचा मालक चांगला आहे, पण बिलात इतका चांगला नाही.

रात्री मिस्त्रींना फोन केला. ते आता जांबोटीकडं गावी असतात, गुडघे गेलेत. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं. मग मी म्हटलं, ‘मामा, त्या दवाखान्यातल्या चौकटीत पेपर निघाला.’

बराच वेळ पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज.

‘फळ्या मी लावत होतो,’ ते म्हणाले. ‘मागनं भरायला कोण होतं रे?’

मी आठवून बघितलं. तो पाऊस आठवतो, माल कालवायचं घमेलं आठवतं, जिन्यात बसून खाल्लेली भजी आठवतात, भजी बांधून आलेला पेपरसुद्धा आठवतो. चौकटीमागचे हात आठवत नाहीत. हेल्पर आम्ही दोघं होतो, मी आणि नंद्या. नंद्या गोव्याला गेला, त्याचा नंबर माझ्याकडं नाही. खरं तर शोधला तर मिळेल.

मी काहीच बोललो नाही म्हणताना मिस्त्रींनीच विचारलं, ‘आणि फट? फट किती निघाली?’

‘तीन,’ मी म्हटलं.

‘सगळ्यांची?’

‘सगळ्यांची, मामा.’

‘बघ,’ ते म्हणाले, आणि गुडघ्याच्या डॉक्टरचं सांगायला लागले.