त्याचे पुढे काय झाले?

गेल्या वर्षी आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी आम्ही रत्नागिरीजवळच्या एका निवारा केंद्रातून तीन वर्षांची एक भाटी, म्हणजे मांजरी, घरी आणली. निवारा केंद्र म्हणजे शहराबाहेर कातळावर एका बागायतदाराने वापरायला दिलेली पत्र्याची शेड, तिला चहूबाजूंनी लावलेली जाळी, आत आंब्याचे रिकामे क्रेट उलटे ठेवून केलेल्या झोपायच्या जागा आणि हे सारे सांभाळणारी सात-आठ माणसे. त्यांच्यापैकी एकालाही या कामाचा पगार मिळत नाही. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी एक मुलगी, एक रिक्षावाले काका, एक निवृत्त परिचारिका आणि कॉलेजची काही मुले पाळी लावून सकाळ-संध्याकाळ येतात, भांडी घासतात, भुसा बदलतात, औषधे देतात आणि पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्यावर ताडपत्री ओढतात.

सासूबाईंना मी बेत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “मांजर काय कोण मागून आणतं गो?” त्यांचा प्रश्न खराच होता. कोकणात मांजर आणावे लागत नाही, ते येते. भाटी पिल्लांना तोंडात धरून सात घरे फिरवते असे म्हणतात, आणि त्या सातांतल्या एखाद्या घरी एखादे पिल्लू मागे राहते. मग त्याला मागच्या पडवीत दूधभात मिळू लागतो, उंदीर कमी झाले म्हणून कौतुकही होते, पण ते नेमके कोणाचे, हे कोणी विचारत नाही. एके दिवशी ते दिसेनासे झाले तर “गेलं कुठेतरी” एवढ्यावर विषय संपतो.

केंद्रात मात्र दोन पानांचा अर्ज भरावा लागला. घरातील सगळ्यांची संमती आहे का, घर स्वतःचे की भाड्याचे, रात्री मांजर आत राहील का, असे प्रश्न त्यात होते. रात्रीबद्दलचा प्रश्न मला आधी जास्तीचा वाटला, पण कातळाच्या आजूबाजूला फुरसे किती असतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. गणपतीत घरी किती माणसे येतात, हेही विचारले होते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यापासून विसर्जनापर्यंत ते एकही मांजर देत नाहीत, कारण चाकरमान्यांनी भरलेल्या आणि फटाक्यांनी दणाणणाऱ्या घरात नवे मांजर घाबरून पळाले की पुन्हा सापडत नाही. आणखी एक प्रश्न असा होता की घरात श्रावण पाळता का.

त्याच्या पुढचा प्रश्न होता: “याआधी घरात मांजर होते का? असल्यास त्याचे पुढे काय झाले?”

मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. माझे माहेर राजापूर तालुक्यातले. मी नऊ वर्षांची असताना आमच्या गोठ्यात एक भाटी व्याली आणि तिची चार पिल्ले वडिलांनी गोणपाटात घालून एसटीने बाजारच्या गावी नेऊन मासळीबाजारामागे सोडली. स्टँडपर्यंत त्या गोणपाटाचे तोंड मी धरले होते. बाजारात ती उपाशी राहणार नाहीत, असे वडील म्हणाले होते आणि त्यांना ते मनापासून वाटत होते. घरी भाटी तीन दिवस पडवी, माळा आणि गोठा असे फिरत ओरडत राहिली. पुढे तीही दिसेनाशी झाली. जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळले. पण त्या तीन दिवसांचे ओरडणे समजायला कायदा लागत नव्हता.

मी हे सगळे अर्जावर लिहिले. आता मांजर मिळणार नाही, अशी मनाची तयारीही केली. निवृत्त परिचारिका असलेल्या मावशींनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, “बहुतेक लोक ही जागा कोरी सोडतात.” मग त्यांनी मला शेडच्या टोकाच्या खोपटात नेले.

मला पिल्लू हवे होते. पण त्या वेळी तिथे असलेली पिल्ले पाच आठवड्यांची होती आणि दोन महिने पूर्ण होण्याआधी ते पिल्लू देत नाहीत. चावताना किती जोर लावायचा, नखे कधी आत घ्यायची, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी खेळता खेळता शिकते. लवकर तोडले तर ते शिकणे अर्धवट राहते. मावशींनी दाखवलेली भाटी मोठी होती, पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस पट्टे असलेली, आणि तिला डावा डोळा नव्हता. डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले होते; नसबंदी झालेले मांजर दुरूनही ओळखता यावे म्हणून भूल उतरण्याआधीच तसे करतात. आदल्या वर्षी मासेमारी बंदीच्या काळात ती मिरकरवाडा बंदरावर सापडली होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौका किनाऱ्याला लागतात, जाळी झाकून ठेवली जातात आणि वर्षभर टाकाऊ मासळीवर जगणाऱ्या बंदरावरच्या मांजरांचे खाणे एकाएकी थांबते. ते दोन महिने केंद्रातली मुले रोज संध्याकाळी तिथे भात आणि कोंबडीचे शिजवलेले तुकडे घेऊन जातात. त्यांनी तिचे नाव तारली ठेवले होते.

घरी आल्यावर तारली कोठीतल्या तांदळाच्या पिपांमागे गेली आणि दीड दिवस बाहेर आली नाही. खाण्याला तिने तोंड लावले नाही. मी फोन केला तेव्हा लॅबमधल्या मुलीने समजावले की मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते, त्यामुळे लाजते आहे म्हणून सोडून देऊ नका. कोंबडीचा तुकडा मीठ, कांदा, लसूण न घालता उकडायचा, हाताला कोमट लागेल इतपत गरम असताना पिपांजवळ ठेवायचा आणि दिवा मालवून बाहेर यायचे. त्या रात्री बशी रिकामी झाली. सकाळी सासूबाईंनीच मला उठवून ते सांगितले.

चौथ्या दिवशी तिच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी येऊ लागले आणि ती शिंकू लागली. असे होईल, हे केंद्राने देतानाच लिहून दिले होते. पिल्लूपणी ज्या नागीण जातीच्या विषाणूने तिचा एक डोळा नेला तो शरीरात जन्मभर दडून राहतो, आणि जागा बदलली, भीती बसली की डोके वर काढतो. तो माणसाला होत नाही, हेही त्यांनी लिहिले होते. ते आधी कळले नसते तर आजारी मांजर गळ्यात मारले असे वाटून मी तिला परत नेले असते. शेजारच्या वहिनींनी मायेपोटी तापाची पाव गोळी दुधातून द्यायला सांगितले. केंद्राच्या कागदावर सर्वांत वर ठळक अक्षरांत पॅरासिटामॉल मांजराला विष आहे असे होते म्हणून तो प्रसंग टळला. डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले. सासूबाई तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून धरत आणि मी थेंब घालत असे. आठवड्याभरात डोळा स्वच्छ झाला.

मग श्रावण आला. आमच्या घरी महिनाभर मासळी, मटण शिजत नाही आणि सासूबाईंनी हा नेम लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडलेला नाही. अर्जातला तो प्रश्न धार्मिक चौकशी नव्हती, हे तेव्हा ध्यानात आले. मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा त्याला अत्यावश्यक असलेला घटक प्राणिज अन्नातूनच मिळतो आणि तो दीर्घकाळ कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. आपली जुनी मांजरे दूधभातावर जगत होती असे आपल्याला वाटते. खरे तर ती उंदीर, पाली आणि मासळीची डोकी यांवर जगत होती, आणि दूध तर मोठेपणी बहुतेक मांजरांना पचतही नाही. मी हे सगळे सांगितल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मागीलदारी, माडाच्या बुंध्याजवळच्या आडोशाला, त्यांनी तीन चिरे मांडून वेगळी चूल केली आणि वेगळे पातेले काढून दिले. “आमचा नेम आमच्यापुरता. तिने कुठे धरलाय?” एवढेच त्या म्हणाल्या. महिनाभर भर पावसात त्या चुलीवर छत्री धरून मी बांगडा उकडला आणि काटे काढून तिला घातला.

पंधरा दिवसांनी रिक्षावाले काका आणि लॅबमधली मुलगी घर पाहायला आले होते, ते सांगायचे राहिले. मुलगी दिल्यासारखी चौकशी करतात, असे सासूबाई आधी पुटपुटल्या होत्या. त्या दोघांनी कौलांखालची फट पाहिली, खिडकीची जाळी हलवून पाहिली, भुशाच्या घमेल्याची जागा पाहिली. तोवर तारली माजघरातून आली आणि पाटावर बसलेल्या सासूबाईंच्या पायांना पाठ घासून तिथेच बसली. चहा होईपर्यंत सासूबाई त्यांना थेंब कसे घालायचे ते दाखवत होत्या. जाताना आम्ही जुन्या चादरी आणि रद्दीचे दोन गठ्ठे रिक्षात ठेवले, कारण केंद्राला पैशांइतकीच अशा वस्तूंची गरज असते.

आता पुन्हा १ जून जवळ आला आहे. परवा केंद्रातून फोन आला की बंदरावर एक भाटी जाळ्यांच्या ढिगात व्याली आहे, तीन पिल्ले आहेत आणि ती दोन महिन्यांची होईपर्यंत शेडमध्ये कोरडी जागा नाही. निदान पहिले दोन आठवडे त्यांना तारलीपासून पूर्ण वेगळे ठेवावे लागेल, भांडी आणि घमेलेही वेगळे, असे त्यांनी बजावले आहे. लसीकरण न झालेल्या मांजरांकडून काय येईल सांगता येत नाही. सासूबाईंनी आज सकाळपासून तांदळाची पिपे माजघरात हलवून कोठी रिकामी करायला घेतली आहे.