ओहायोतला ‘मँगो’ आणि केंटकीतलं ‘आय डोन्ट केअर टू’

अमेरिकेतल्या प्रांतोप्रांतीच्या इंग्रजीचा विषय निघाला की सोडा, पॉप आणि कोकचा, म्हणजे थंड फसफसणाऱ्या पेयाला कुठे काय म्हणतात याचा, नकाशा हमखास पुढे येतो. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात सोडा, शिकागो-मिनेसोटाकडे पॉप, आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी कुठलंही फसफसणारं पेय म्हणजे कोक. कोका-कोला १८८६ साली अटलांटातच जन्मली, त्यामुळे तिकडे एका पेयाचं नाव सगळ्या जातीला लागलं. नकाशा छान आहे, पण तिथे राहायला गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग बेताचाच. ‘पॉप’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर माणूस विचारतो आणि विषय संपतो. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला समजलं, तो विचारत नाही, आणि समोर भलतंच येतं.

कॉफीचंच घ्या. बॉस्टन, ऱ्होड आयलंड आणि न्यूयॉर्कच्या जुन्या वळणाच्या दुकानांत ‘रेग्युलर कॉफी’ म्हणजे दूध किंवा क्रीम आणि साखर आधीच घातलेली कॉफी. इतरत्र ‘रेग्युलर’ म्हणजे फक्त डीकॅफ (कॅफीन काढून टाकलेली) नसलेली. ज्यांना साखर चालत नाही त्यांनी तिथे ‘रेग्युलर’ हा शब्द उच्चारूच नये. ‘ब्लॅक’ म्हणावं, किंवा काय घालायचं आणि काय नाही ते सुटं सुटं सांगावं. मिल्कशेकची तीच गत. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या आइस्क्रीमच्या दुकानांत मिल्कशेक म्हणजे नुसतं दूध आणि सिरप घुसळलेलं. आइस्क्रीम घातलेला घट्ट प्रकार हवा असेल तर ‘फ्रॅप’ मागायचा. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये त्यालाच ‘कॅबिनेट’ म्हणत आले आहेत.

दक्षिणेत ‘टी’ मागवला की बर्फाचा मोठा ग्लास येतो, आणि चहा बहुधा आधीच गोड केलेला असतो. साखर गरम चहातच विरघळवलेली असल्याने ती नंतर कमी करता येत नाही. बिनसाखरेचा हवा तर ‘अनस्वीट’, आणि आपल्यासारखा वाफाळता हवा तर ‘हॉट टी’ असं मुद्दाम सांगावं लागतं.

‘चिली’ हा शब्द तर आपल्या लोकांना हमखास चकवतो. न्यू मेक्सिकोत चिली म्हणजे खरोखरच मिरची. तिथे वेटर ‘रेड ऑर ग्रीन?’ विचारतो तेव्हा त्याला लाल मिरचीचा सॉस की हिरव्या मिरचीचा, एवढंच हवं असतं. दोन्ही हवे असतील तर उत्तर ‘ख्रिसमस’. टेक्सासात चिली म्हणजे गोमांसाचा झणझणीत रस्सा, आणि त्यात राजमा घालणं तिथल्या जाणकारांना मुळीच खपत नाही. सिनसिनाटीत तोच शब्द दालचिनीसारख्या गरम मसाल्याचा वास असलेल्या, गोमांसाच्याच पातळ खिम्याला लावतात आणि तो स्पॅगेटीवर ओततात. ‘थ्री-वे’ म्हणजे स्पॅगेटी, चिली आणि वर किसलेलं चीज. त्यात कांदा किंवा राजमा यांपैकी एक वाढवला की ‘फोर-वे’, दोन्ही घातले की ‘फाइव्ह-वे’.

शाकाहारी माणसाची सगळ्यात मोठी अडचण मात्र दक्षिणेतल्या ‘व्हेजिटेबल प्लेट’ने होते. तीत तीन-चार भाज्या येतात आणि मॅकरोनी-चीजही भाजीतच धरतात. पण कॉलर्डची पालेभाजी किंवा शेंगा पुष्कळदा डुकराच्या पायाच्या हाडासोबत किंवा बेकनच्या चरबीत शिजवलेल्या असतात. वाढणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी ती भाजीच आहे, हाड फक्त चवीपुरतं. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असं न विचारता ‘शिजवताना हॅम, बेकन किंवा मांसाचं पाणी घातलंय का’ असं विचारावं.

आणि आता मँगो. दक्षिण ओहायो, इंडियाना, केंटकी आणि पेन्सिल्व्हेनियाच्या काही भागांत म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘मँगो’ म्हणजे हिरवी ढोबळी मिरची. जुन्या घरगुती पाककृतींत ‘स्टफ्ड मँगोज’ दिसले तर ती खिमा-भात भरलेली ढोबळी मिरची समजावी. याचं मूळ थेट आपल्याकडच्या लोणच्यापर्यंत जातं. सतराव्या शतकात ताजा आंबा जहाजावर टिकणं शक्य नव्हतं. इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेतल्या वसाहतींना तो ठाऊक झाला तो लोणच्याच्या रूपात. फळ कुणी पाहिलेलं नाही, पाहिलं ते लोणचं. त्यामुळे ‘मँगो’ हे एका पद्धतीचं नाव झालं. काकडी, पीच, कोवळं खरबूज पोखरायचं, मोहरी, आलं, लसूण असा मसाला ठासायचा आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचं. अशा प्रत्येक लोणच्याला मँगो म्हणत. पोखरून भरायला ढोबळी मिरचीइतकी सोयीची दुसरी भाजी नाही, तेव्हा पुढे लोणचं मागे पडलं तरी नाव मिरचीला चिकटून राहिलं. अमेरिकी बोलींमधला इतका सुंदर शब्दप्रवास मला तरी दुसरा माहीत नाही.

असे शब्द टिपण्याचं मोठं काम विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॅसिडी यांच्या बोलीकोशाने केलं. १९६५ ते १९७० या काळात कार्यकर्ते गाड्या घेऊन देशभरातल्या १,००२ गावांत आणि शहरांत हिंडले. कोशाचा पहिला खंड १९८५ साली आला आणि ‘झेड’पर्यंत पोचायला २०१२ उजाडलं. त्यांच्या प्रश्नावलीची पद्धत रोजच्या वापरातही उपयोगी आहे. वस्तूचं नाव आपण घ्यायचं नाही, वर्णन करायचं आणि नाव समोरच्याकडून येऊ द्यायचं. दुकानात ‘रबर बँड आहे का’ विचारलं तर ‘हो’ एवढंच कळतं. वस्तू दाखवून ‘याला इथे काय म्हणतात’ विचारलं तर पिट्सबर्गमधल्या एखाद्या आजोबांकडून ‘गमबँड’ ऐकायला मिळेल.

शब्दांपेक्षा वाक्यं जास्त गोत्यात आणतात. केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ भागात शेजाऱ्याला ‘उद्या मला विमानतळावर सोडाल का’ विचारलं आणि तो ‘आय डोन्ट केअर टू’ म्हणाला, तर तो नकार नाही. ‘माझी काही हरकत नाही, सोडतो की’ असा त्याचा अर्थ. अशा वेळी आभार मानून निघायची वेळ ठरवावी. बॉस्टनकडे तुम्ही ‘मला समुद्र आवडतो’ म्हणालात आणि समोरचा ‘सो डोन्ट आय’ म्हणाला, तर त्यालाही समुद्र आवडतोच. ओहायो-इंडियानाच्या पट्ट्यात ‘गॅस इज एक्स्पेन्सिव्ह एनीमोर’ म्हणजे पेट्रोल हल्ली महाग झालंय. तिथे ‘एनीमोर’ला नकार लागत नाही. याच पट्ट्यात आणि पिट्सबर्गकडे गाडी धुवायला हवी हे सांगताना ‘द कार नीड्स वॉश्ड’ म्हणतात, मधलं ‘टू बी’ गाळून. ही रचना अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉट-आयरिश वसाहतवाल्यांनी आणली. तिला चूक समजून कुणाला दुरुस्त करायला जाऊ नये.

रस्त्यांबद्दल थोडंच. लॉस एंजेलिसकडे ४०५ क्रमांकाच्या महामार्गाला ‘द फोर-ओ-फाइव्ह’ म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोकडे आकड्याआधी ‘द’ लावत नाहीत. ह्यूस्टनमध्ये कुणी ‘फीडर’ने यायला सांगितलं तर महामार्गाला लागून जाणारा बाजूचा रस्ता घ्यायचा. मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये ‘रॅम्प’मध्ये गाडी लावा म्हणाले तर ती पार्किंगची बहुमजली इमारत असते.

उच्चारांपैकी एक गोष्ट फोनवर फार त्रास देते. दक्षिणेत बऱ्याच लोकांच्या तोंडी न आणि म यांच्या आधीचा ‘ए’ हा ‘इ’ होतो. पेनचं पिन, बेनचं बिन. म्हणून तिकडे लिहायच्या पेनला ‘इंक पेन’ म्हणायची सवय आहे. हाच बदल अक्षरांच्या नावांनाही लागतो, ‘एम’चं ‘इम’ आणि ‘एन’चं ‘इन’ ऐकू येतं. आपल्या नावा-आडनावांत ही दोन अक्षरं सतत येतात. स्पेलिंग सांगताना ‘एम अॅज इन मेरी, एन अॅज इन नॅन्सी’ असं सांगावं, आणि समोरच्याने लिहून घेतलेलं परत वाचून दाखवायला सांगावं.