झाड लावताय ना, मग खालच्या बुरशीचं पण बघा

पाऊस लागला की आमच्या इंदूरमध्ये झाडं लावायचा उत्साह येतो आणि तो मला मनापासून आवडतो. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांच्या वर रोपं लागली, तेव्हापासून तर कॉलनी-कॉलनीत ग्रुप झालेत. आमच्या ग्रुपवर सगळी चर्चा रोपांची असते, कुठलं आणायचं, किती फुटाचं, ट्री गार्ड कोण देणार वगैरे. मातीबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून हे लिहितेय.

हे डोक्यात घुसलं ते हिमाचलमध्ये. तीर्थन खोऱ्यात बंजारच्या वरच्या बाजूला देवदार, कैल म्हणजे तिकडचा पाइन, आणखी वर रई आणि तोष अशी दाट जंगलं आहेत, आणि पावसाळ्यात तिथे झाडाखाली छत्र्याच छत्र्या, पिवळ्या, लाल, करड्या. छत्री म्हणजे बुरशीचं नुसतं फळ, खरा जीव खाली मातीत धाग्यांच्या रूपात पसरलेला असतो. कैलच्या बुंध्याजवळ वरच्या सुया, म्हणजे त्याची पडलेली सुईसारखी पानं, बोटाने जरा बाजूला केल्या की बारीक मुळं दिसतात, त्यांची टोकं आखूड, जाडसर आणि इंग्रजी वाय सारखी दुभंगलेली असतात, कारण बुरशीने त्या टोकांवर पूर्ण आवरण घातलेलं असतं. म्हणजे झाडाचं मूळ मातीला थेट शिवतच नाही म्हणा ना, मधे बुरशी असते! सुया परत नीट पसरून ठेवायच्या हं, उघडं टाकून यायचं नाही.

व्यवहार असा की झाड उन्हात साखर बनवतं आणि त्यातला बऱ्यापैकी वाटा खाली बुरशीला देतं, आणि बुरशी त्याला फॉस्फरस, नायट्रोजन, पाणी आणून देते. फॉस्फरस मातीत जागचा हलत नाही, मुळाने आपल्या आजूबाजूचा ओढून घेतला की तिथे संपलं, पुढचा आणायचा तर मुळापेक्षा कितीतरी बारीक असं काहीतरी लांबवर जायला पाहिजे, आणि ते काम हे धागे करतात, केसापेक्षाही बारीक असल्यामुळे जिथे मूळ शिरू शकत नाही तिथे ते शिरतात. डोंगरात तर हे फारच महत्त्वाचं, कारण थंडीमुळे पडलेल्या सुया लवकर कुजत नाहीत, नायट्रोजन त्या कचऱ्यातच अडकून राहतो, आणि तिथल्या बऱ्याच बुरशा तो त्यातून सोडवून घेऊ शकतात. देवदार, कैल, बान म्हणजे तिकडचा ओक, सगळे याच भागीदारीवर उभे आहेत.

१८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्याला खरं तर सरकारने ट्रफल नावाच्या महागड्या बुरशीची लागवड करता येईल का ते बघायला सांगितलं होतं, आणि त्याला दिसली ही मुळं. बुरशी झाडाला पोसायला मदत करते म्हटल्यावर बऱ्याच लोकांना पटलं नाही, पण पुढे जगात जिथे-जिथे पाइन मुळात नव्हता तिथे लोकांनी लावला आणि रोपं पिवळी पडून खुरटली, मग जुन्या पाइनखालची माती आणून घातल्यावर ती वाढायला लागली, तेव्हा शंका राहिली नाही.

आता झाडं या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात वाल्या फॉरवर्डबद्दल. १९९७ मध्ये कॅनडात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फरच्या रोपांना वेगवेगळा, माग काढता येईल असा खुणेचा कार्बन देऊन दाखवलं की तो एकातून दुसऱ्यात जातो आणि सावलीतल्या फरला जास्त मिळतो. काम जबरदस्त आहे. पण त्यावरून आई-झाड आपल्या पिल्लांना ओळखून जेवण पाठवतं इथपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा २०२३ मध्ये तीन संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं की खऱ्या जंगलात एवढं म्हणायला पुरेसा आधार नाही, आणि त्यातल्या एक, मेलनी जोन्स, १९९७ च्या त्याच पेपरच्या सहलेखिका होत्या. मला हे फार मोठं वाटतं, स्वतःच्या कामाबद्दल एवढं स्पष्ट बोलणं. आणि मुळात झाड-बुरशीची भागीदारी पक्की आहेच, तिला वरून गोष्टीची गरज काय?

आपल्या एमपीत पण हे आहे. मंडला, अमरकंटककडचा साल वृक्ष याच जातीच्या भागीदारीतला. तिकडे छत्तीसगडमध्ये बस्तरला पहिल्या पावसात साल वृक्षाखाली बोडा नावाची खायची बुरशी निघते, बाजारात तिला काय भाव मिळतो विचारू नका, पण भुश्याच्या पिशवीत धिंगरी अळंबीसारखी ती उगवत नाही कारण तिला झाडाची जिवंत मुळं लागतात.

कडुनिंब, आंबा, साग, चिंच यांची बुरशी वेगळी. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते, बाहेर छत्री वगैरे काही दिसत नाही, आणि ही जोडी ४० कोटी वर्षांहून जुनी आहे, स्कॉटलंडच्या दगडात तिचे जीवाश्म सापडलेत. कृषी केंद्रावर मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीची, पुडी मिळते ती बहुतेक याच प्रकारची, ती देवदाराला किंवा पाइनला उपयोगाची नाही. मोहरी, कोबी, मुळ्याला पण नाही, ते कुळ ही भागीदारी करतच नाही, तर तिथे पैसे घालू नका.

शेजारचे काका म्हणाले, "अगं बाई, बुरशी लागली म्हणजे झाड गेलंच ना?" काका, मूळ कुजवणारी बुरशी असते, नाही कशी, पण ही ती नाही.

तर यंदा ग्रुपला माझं सांगणं एवढंच आहे. खड्ड्यात डीएपी हे फॉस्फरसवालं खत ओतू नका, फॉस्फरस भरपूर मिळाला की झाड बुरशीला साखर द्यायचं कमी करतं आणि जोडी नीट जमत नाही. बांधकामाचा मुरूम भरलेला असेल तर त्यात बुरशी जवळजवळ नसतेच, तिथे कॉलनीतल्याच जुन्या, निरोगी कडुनिंबाखालची वरची माती बारीक मुळांसकट दोन-चार मुठी प्रत्येक खड्ड्यात टाका. त्यासाठी रालामंडलला जाऊन माती उचलू नका प्लीज, ते अभयारण्य आहे. आणि पडलेली पानं झाडून जाळायची नाहीत, तिथेच राहू द्यायची, माळीदादांना मी स्वतः सांगते. रविवारी सकाळी कोण-कोण येतंय ते ग्रुपवर टाका, माती मी आदल्या दिवशी काढून ओल्या गोणपाटात ठेवते, वाळायला नको.